शेव्हेलमध्ये ५.३ बसवायचंय? इंजिन बसतं हो, बाकीच्याचं बोला

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांकडे १९६९ ची शेव्हेल मालिबू (शेव्हरोलेची जुनी मोटार) आहे. मूळचं ३०७ घनइंची व्ही८, मागे दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन निळा धूर सोडतंय. जंकयार्डमध्ये २००४ च्या सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं इंजिन आणि ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अशी जोडी मिळते आहे. ते विचारतात, ‘घरच्या गॅरेजमध्ये दोन शनिवार-रविवारांत होईल का? आणि माउंट (इंजिन चासीवर धरणारे आधार) सोडून आणखी काय काय घ्यावं लागेल?’

दोन शनिवार-रविवारांत इंजिन खाली उतरेल आणि चार बोल्टांवर बसेलही. गाडी रस्त्यावर यायला मात्र सुट्टीचे सगळे दिवस धरून काही महिने लागतील. शेव्हेलचं बॉनेट उघडलं की आत पाट मांडून जेवायला बसावं एवढी जागा आहे, त्यामुळे इंजिन मावेल का हा प्रश्नच नाही. १९६९ च्या गाडीचं पेट्रोल, पाणी आणि वीज ही तिन्ही खाती २००४ च्या इंजिनाला पुरत नाहीत, खरी अडचण तिथे आहे. माझा अंदाज असा की इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीला जेवढे पैसे मोजाल, त्याच्या दुप्पट-तिप्पट आजूबाजूच्या सामानात जातील. हे आधीच मान्य असेल तर पुढे वाचा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. पहिली म्हणजे गाडी मूळची आहे का. ३०७ आणि पॉवरग्लाइडवाली साधी मालिबू असेल तर बिनधास्त करा. तरी एकदा इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या खालच्या सपाट पट्टीवरचा ठोकलेला क्रमांक गाडीच्या व्हीआयएनशी (ओळख क्रमांकाशी) ताडून बघा. १९६९ मध्ये एसएस ३९६ (शेव्हेलचं दमदार रूप) हे वेगळं मॉडेल नव्हतं, ऑप्शनचं पॅकेज होतं. त्यामुळे नुसत्या व्हीआयएनवरून एसएस ओळखता येत नाही आणि आधीच्या मालकाने इंजिन बदललेलंही असू शकतं. मूळ इंजिन निघालं तर ते तेल सोडून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. विकू नका.

दुसरी गोष्ट कायद्याची. तो राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग (धुराच्या) तपासणीतून सूट आहे, म्हणून ६९ ची गाडी तिथेही अडत नाही. मात्र १९७६ पासूनच्या गाडीत हेच काम करायचं तर गोष्ट फार वेगळी होते. विमा कंपनीला इंजिन बदलल्याचं लेखी कळवा. (पुण्या-मुंबईतून वाचणाऱ्यांनी हे जसंच्या तसं घरी करायला जाऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते.)

आता त्या जोडीकडे वळू. ट्रकच्या व्हीआयएनचा आठवा अक्षर-अंक बघा. ‘टी’ असेल तर एलएम७, म्हणजे बिडाचा ब्लॉक. ‘झेड’ असेल तर एल५९, तेच इंजिन पण इथेनॉलवरही चालणारं. दोन्ही चालतील. २००५ ते २००७ मध्ये ‘बी’ अक्षराचं एल३३ आलं. त्याचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा असल्यामुळे ते बरंच हलकं आहे. मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी थांबू नका. पुढच्या पिढीच्या बऱ्याच ५.३ मध्ये चालता चालता चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आहे आणि तिचे लिफ्टर बिघडतात. अशा इंजिनाच्या वाटेला पहिल्याच कामात जाऊ नये.

अश्वशक्तीचे आकडे शेजारी ठेवून फसू नका. जुन्या ३०७ ची २०० अश्वशक्ती ‘ग्रॉस’ पद्धतीने, म्हणजे पंखा-सायलेन्सरचं ओझं न लावता मोजलेली होती. ५.३ ची २९० च्या आसपासची अश्वशक्ती ‘नेट’ आहे. कागदावर दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षातला फरक खूप मोठा आहे.

खरेदी करताना एक गोष्ट जपा: ट्रक टू-व्हील-ड्राइव्हचाच हवा. फोर-व्हील-ड्राइव्हच्या ४एल६०ई चा मागचा शाफ्ट आखूड असतो आणि तिथे ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद वाटणारी पेटी) बसत असल्यामुळे शेपटीचं हाउसिंगच नसतं. तो तुमच्या कामाचा करायचा तर गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागतो. दुसरं, हेडवर ७०६ हा क्रमांक असेल तर रॉकर कव्हर काढून आत बघाच. त्यातल्या काही हेडना तडे जातात. बाहेर एक थेंब दिसत नाही, पाणी मात्र हळूहळू तेलात उतरतं. कव्हरच्या आत दुधाळ चिखल दिसला तर ते इंजिन सोडा.

आणि सौद्यात या वस्तू हट्टाने मागून घ्या: पूर्ण वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक), अॅक्सिलरेटर पेडल आणि फायरवॉलवरचा थ्रॉटल मॉड्यूल. २००३ पासून बहुतेक ट्रकमध्ये थ्रॉटल तारेचा नाही, विजेचा आहे. पेडल, मॉड्यूल आणि ईसीयू हे त्रिकूट एकमेकांचं असावं लागतं. पेडल एका गाडीचं आणि मॉड्यूल दुसऱ्या गाडीचं असेल तर ईसीयू थ्रॉटल उघडू देत नाही, आणि मग माणूस आठवडाभर वायरी तपासत बसतो.

कामाचा क्रम मी असा धरतो: आधी ऑइल पॅन, मग माउंट, मग गिअरबॉक्सचा आडवा बीम आणि शाफ्टचा कोन, त्यानंतर एक्झॉस्ट, आणि सगळ्यात शेवटी वायरिंग. बरेच जण हेडर (एक्झॉस्टच्या नळ्यांचा जुडगा) आधी विकत घेतात, कारण ते दिसायला छान असतात. पण पॅनच्या उंचीवरून इंजिनाची उंची ठरते, त्यावरून माउंट ठरतो आणि मग कुठला हेडर स्टीअरिंगच्या दांड्याला घासणार नाही ते कळतं.

ट्रकचा पॅन खोल असतो. तो शेव्हेलच्या पुढच्या क्रॉसमेंबरला आणि स्टीअरिंगच्या मधल्या दांड्याला अडतो, आणि अडला नाही तर जमिनीच्या इतका जवळ येतो की पहिल्याच गतिरोधकावर फुटेल. त्यामुळे जुन्या गाड्यांसाठी बनवलेला मागच्या खोलगट भागाचा पॅन घ्यायचाच, आणि त्याच्यासोबतचीच पिकअप नळी (तेल ओढून पंपाकडे नेणारी) आणि डिपस्टिक घ्यायची. जुना पिकअप वाकवून बसवू नका. पिकअपच्या तोंडाची ओ-रिंग एक वेळा वापरायची वस्तू आहे. जाडी चुकली किंवा बसवताना चिमटली तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. मग गार असताना प्रेशर बरं दिसतं, गरम झालं की काटा झोपतो आणि लोक उगाच पंप बदलतात. पिकअप आणि पॅनचा तळ यांत साधारण पाव ते तीन अष्टमांश इंच अंतर असावं. पॅनच्या आत मातीची गोळी चिकटवून एकदा कोरडा पॅन लावून बघितला की ते मोजता येतं.

अजून एक. या इंजिनाचा पॅन नुसतं तेलाचं भांडं नाही. ओतीव अॅल्युमिनियमचा असतो आणि गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग त्यालाही बोल्टने धरतं. म्हणून पॅनचा मागचा काठ ब्लॉकच्या मागच्या पृष्ठभागाशी एका रेषेत हवा. स्टीलची सरळ पट्टी लावून बघा आणि मगच बोल्ट आवळा. पुढच्या-मागच्या कव्हरचे चार सांधे जिथे पॅनला भेटतात तिथे सीलंटचा ठिपका विसरलात तर पहिल्या महिन्यात तिथूनच गळेल.

माउंटसाठी चासीला वेल्डिंग लागत नाही. जुन्या ब्लॉकला तीन बोल्टांचा माउंट होता, नव्याला चार बोल्ट आहेत. मधे अडॅप्टर प्लेट येते. या प्लेटा मूळ जागा धरणाऱ्या किंवा इंजिन एखाद इंच पुढे-मागे सरकवणाऱ्या मिळतात. बॉनेट, फायरवॉल, एसीचा कॉम्प्रेसर यांपैकी काय अडतंय त्यावरून निवड करा. ट्रकवर कॉम्प्रेसर खाली उजवीकडे असतो आणि शेव्हेलच्या चासीला धडकतो. चासी कापण्यापेक्षा तो वर नेणारा ब्रॅकेट घेतलेला बरा. पुलींच्या बाबतीत भेसळ करू नका. ट्रक, कॅमारो-फायरबर्ड आणि कॉर्व्हेट या तिघांच्या पट्ट्याची रेष वेगवेगळ्या अंतरावर आहे. ट्रकची सगळ्यात बाहेर, कॉर्व्हेटची सगळ्यात आत, दोघांत सुमारे दीड इंचाचा फरक. बॅलन्सर (क्रँकची पुढची पुली) एकाचा आणि ब्रॅकेट दुसऱ्याचे लावले तर पट्टा उडणारच.

गिअरबॉक्स इंजिनाला जोडताना सगळ्यात महाग चूक होते, म्हणून इथे जरा थांबतो. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा) आधी गिअरबॉक्सवर बसवायचा. फिरवत फिरवत आत ढकला, तीन वेळा ‘खट्’ करून तो आत उतरला पाहिजे. मग गिअरबॉक्स इंजिनाला नुसत्या हाताने पूर्ण चिकटला पाहिजे, मधे कागदाचीही फट नको. त्या वेळी कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनामागच्या चकतीपर्यंत) पुढे ओढताना एक अष्टमांश ते तीन षोडशांश इंच सरकला पाहिजे. फट राहिली असेल आणि तुम्ही बोल्ट आवळून ती बंद केलीत, तर कन्व्हर्टर पंपाच्या गिअरमध्ये घुसतो. इंजिन सुरू होता होता पंप फुटतो. हात अडला की थांबा, गिअरबॉक्स मागे घ्या, कन्व्हर्टर पुन्हा बसवा.

शाफ्टचं सोपं आहे. पॉवरग्लाइड आणि ४एल६०ई दोन्हींच्या शेपटीला २७ दात आहेत, म्हणजे योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये जाणारं टोक) तोच चालेल. ४एल६०ई सुमारे तीन इंच लांब असल्याने शाफ्ट तेवढा आखूड करून, बॅलन्स करून घ्यावा लागेल. हा आकडा घेऊन दुकानात जाऊ नका. गाडी चाकांवर उभी करून, योक पूर्ण आत ढकलून मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढून प्रत्यक्ष माप घ्या. आडवा बीम साधारण दोन इंच मागे जाईल. गिअरबॉक्सची शेपटी सुमारे तीन अंश खाली ठेवा आणि मागच्या पिनियनचा (शाफ्ट जिथे मागच्या हाउसिंगला जोडतो त्या दांड्याचा) कोन तिला समांतर करा. शेव्हेलला मागे चार दांड्यांचं सस्पेन्शन आहे, त्यामुळे वरच्या दोन दांड्यांची लांबी बदलली की पिनियनचा कोन बदलतो. साठ मैलांच्या पुढे गाडी गुणगुणायला लागली तर टायर बॅलन्स करण्याआधी हा कोन मोजा.

मागच्या हाउसिंगचं (मागच्या चाकांच्या गिअरचं) गुणोत्तर लोक विसरतात. ४एल६०ई चा चौथा गिअर ०.७० चा आहे. २६ इंचाचा टायर आणि ७० मैल वेग धरून हिशेब मांडा. जुन्या गिअरबॉक्सला वरच्या गिअरमध्ये ३.३१ च्या हाउसिंगबरोबर इंजिन सुमारे ३,००० फेरे फिरायचं. ओव्हरड्राइव्हबरोबर ३.७३ असेल तर २,३६० च्या आसपास येतं. पण तुमच्या हाउसिंगमध्ये २.७३ असेल तर जेमतेम १,७३० फेरे. इंजिन रडत चालतं, गिअरबॉक्स चौथा की तिसरा या घोळात सारखा वर-खाली करत राहतो आणि तिसऱ्या-चौथ्याचा क्लच, जो या गिअरबॉक्सचा मुळातच कच्चा दुवा आहे, तापून जळतो. साडेतीन ते पावणेचारच्या मधलं गुणोत्तर या जोडीला मानवतं. पुढे कधी टर्बो लावायचा विचार असेल तर आत्ताच ४एल८०ई घ्या, पण त्याला योक ३२ दातांचा लागतो आणि तो लांब-रुंद आहे. टनेलला (गिअरबॉक्सवरच्या फरशीच्या फुगवट्याला) हातोडा दाखवावा लागतो.

पेट्रोलचं खातं. कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय (दाबाचं माप) पुरायचे, या इंजेक्टरना ५८ लागतात. बाहेर लटकवलेला पंप स्वस्त पडतो, पण तो आवाज करतो आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात पेट्रोल गरम झालं की दम तोडतो. पंप टाकीतच हवा, ताशी २५५ लिटरचा पुष्कळ होतो. जुन्या टाकीत आडपडदे नसतात. पाव टाकीवर वळण घेतलं की पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन क्षणभर मरतं. म्हणून पंपासह मिळणारी नवी टाकी घ्या म्हणतो, जरी ती महाग वाटली तरी. २००४ च्या इंजिनाच्या रेलला परतीची नळी नाही. त्यासाठी १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर वापरतात. त्याच्या पोटातच ५८ पीएसआयचा रेग्युलेटर आहे. तो टाकीजवळ लावायचा, तिथूनच परतीची छोटी नळी टाकीत, आणि पुढे एकच तीन अष्टमांश इंची नळी. दुकानातला साधा कार्ब्युरेटरचा रबरी पाइप इथे लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पाण्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो: हेडमधून निघणारी वाफेची बारीक नळी बंद करू नका. ती रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा वॉटर पंपाच्या वरच्या छिद्रात सोडा. ती कोंबून टाकली की हेडमध्ये हवा अडकते. मीटर नॉर्मल दाखवतो आणि हेड आतून भाजतं. थर्मोस्टॅट या इंजिनात खालच्या होजकडे आहे आणि दोन्ही होज जुन्यापेक्षा बारीक आहेत, म्हणून एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक असे होज शोधावे लागतील.

वीज. तुमची सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच असेल, आणि बहुतेक वेळा दोष दोन-तीन ठरलेल्या जागीच सापडतो. १९६९ मध्ये इग्निशन स्विचकडून कॉइलकडे जाणारी वायर साधी नव्हती, रेझिस्टन्सची होती. जुन्या इग्निशनचे पॉइंट जळू नयेत म्हणून ती व्होल्टेज मुद्दाम पाडायची. बॅटरीला बारा, पण इंजिन चालू असताना त्या वायरवर सात ते नऊ. ‘चावी फिरवली की करंट येतो’ एवढंच बघून कोणी ईसीयू तिला जोडला, की इंजिन कधी लागतं, कधी लागत नाही, स्कॅनरवर रोज नवा दोष. आणखी एक चकवा आहे. स्विचवरच्या काही वायरींचा करंट सेल्फ मारताना तुटतो. मग सेल्फ फिरतो, ठिणगी नाही, आणि चावी सोडता सोडता इंजिन एकदा ‘फट्’ करून पेटू पाहतं. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधू नका. मीटर लावा आणि सेल्फ मारता मारता ईसीयूच्या गुलाबी वायरींवर करंट राहतो का ते बघा. उपाय सोपा: ईसीयू, कॉइल आणि इंजेक्टर यांना बॅटरीवरून फ्यूज लावून थेट करंट द्या, मधे रिले, आणि जुन्या वायरकडून फक्त रिले ओढण्याचं काम घ्या. ती वायरही ‘रन’ आणि ‘स्टार्ट’ दोन्हीत जिवंत असणारी हवी.

अर्थिंगमध्ये कंजुषी नको. ब्लॉक ते चासी, ब्लॉक ते बॉडी, बॅटरी ते ब्लॉक असे तीन जाड पट्टे, रंग खरवडून. जुना बाहेरचा व्होल्टेज रेग्युलेटर काढून टाका. नव्या अल्टरनेटरच्या ‘एल’ टोकाला बल्ब किंवा रेझिस्टरशिवाय थेट बारा व्होल्ट देऊ नका, आतला रेग्युलेटर जातो. नवा अल्टरनेटर १०५ ते १४५ अँपिअरचा असतो. जुनी १० गेजची चार्जिंग वायर तेवढ्याने तापते, म्हणून बॅटरीपर्यंत ४ गेजची वेगळी वायर, फ्यूजसह. विजेच्या दोन पंख्यांना प्रत्येकी स्वतंत्र रिले.

ईसीयूमधला चोर-कुलपाचा भाग सॉफ्टवेअरमधून काढून घ्यावाच लागतो. नाहीतर इंजिन लागतं, दोन सेकंद चालतं आणि बंद पडतं, दर वेळी अगदी तेवढ्याच वेळाने. टॅकोमीटर मूळचा ठेवला तर तो अर्धे फेरे दाखवेल, कारण हा ईसीयू चार सिलिंडरचा सिग्नल देतो. स्पीडोमीटरच्या तारेला जोडायला गिअरबॉक्सवर जागा नाही. सेन्सरवरून तार फिरवणारी मोटरची डबी मिळते, ती लावली की मूळचा डायल जसाच्या तसा राहतो. स्टीअरिंगवरचा गिअर लिव्हरही दोन गिअरचा आहे. चार गिअरच्या खाचांची पट्टी बदलली नाही तर लिव्हर ‘डी’वर आणि गिअरबॉक्स भलत्याच जागी, असं होईल.

पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढून ठेवा, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा आणि तेलाचा काटा उचलला की थांबा. मग फ्यूज लावून चावी फक्त ‘ऑन’ करा, पंपाचा आवाज दोन सेकंद येऊन थांबेल. तसं चार वेळा करून प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरा. त्यानंतरच सेल्फ. एक्झॉस्टचा सांधा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळत असेल तर बाहेरची हवा आत जाते, ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. ट्यूनिंगवाल्याकडे जाण्याआधी ते सांधे बघून घ्या.

माउंटची ऑर्डर देण्याआधी मला एवढं कळवा: मागच्या हाउसिंगच्या कव्हरला बोल्ट दहा आहेत की बारा, मागचं चाक एक फेरा फिरवल्यावर (दुसरं चाक जमिनीवर असताना) शाफ्ट किती फेरे फिरतो, आणि एसी ठेवायचा आहे की नाही. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जेवढे फेरे होतील त्याची दुप्पट म्हणजे तुमचं गुणोत्तर, फक्त हाउसिंग साधं हवं, लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना बांधून ठेवणारं) नको. या तीन उत्तरांवरून कुठली प्लेट आणि कुठला पॅन घ्यायचा, आणि मागचं गुणोत्तर बदलायचं का, ते सांगता येईल.